उंबरठा, मोरी आणि रमाकांत मास्तर

रमाकांत मास्तरांनी घराचा उंबरठा उंच करायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे परळच्या त्या चाळीत जे घडलं ते ऐकून कुणाचाही तसा समज होईल.

मास्तरांचं घर तळमजल्यावर. पूर्वी रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून तिथं जावं लागे. पण रस्त्याला दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर मिळतो आणि घराला मात्र काहीच मिळत नाही. रस्ता असा वाढत वाढत गेला आणि आता मास्तरांकडे यायचं तर एक पायरी उतरावी लागे. त्यात मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी पुढे सरकत नाही. समुद्रच दारात उभा असल्यावर ते जाणार कुठे? ते मागे फिरतं. आणि मागे फिरलेलं पाणी सगळ्यात आधी खालच्या घरांची चौकशी करतं.

गेल्या पावसाळ्यात त्याने मास्तरांची अशीच चौकशी केली होती. ते पाणी उपसता उपसता ललिताबाईंना ताप भरला आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून त्यांचा मुलगा शंतनु हट्टाला पेटला होता. तो राहायचा वडाळ्याला, एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर.

"बाबा, या वर्षी एकदा जरी घरात पाणी शिरलं ना, तर तुम्ही दोघं वडाळ्याला. विषय संपला."

"आणि नाही शिरलं तर?"

"तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द."

"माझाही शब्द," मास्तर म्हणाले.

मास्तरांना वडाळ्याचं वावडं नव्हतं. पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी त्यांच्या बाहेरच्या खोलीत चाळीतली पोरं जमत. गणित, विज्ञान, आणि मधेच कुणाचं तरी भांडण सोडवणं. मास्तरांचा जीव त्या खोलीत होता. वडाळ्याला ते एकदा आठवडाभर राहून आले होते. तिथं त्यांना एकच मूल भेटलं, तेही लिफ्टमध्ये. मास्तरांनी मोठ्या प्रेमाने विचारलं, "सांग बघू बाळ, लिफ्ट खाली सुटते तेव्हा आपल्याला हलकं हलकं का वाटतं?" मुलाने तोंड उघडायच्या आत त्याच्या आईने पुढच्याच मजल्याचं बटण दाबलं आणि ती मुलाला ओढून बाहेर पडली.

म्हणून उंबरठा.

गवंडीकाम करणाऱ्या शिवाला बोलावलं. शिवाचा एक गुण होता. तो कामाला कधी नाही म्हणत नसे, आणि एक थर सांगितला की तीन चढवे. विटा येताच चाळही आली. शेजारचे रघुवीर म्हणाले, "मास्तर, उंच उंबरठ्याला लक्ष्मी अडखळते." रघुवीर एका विमा कचेरीतून निवृत्त झालेले. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या धोक्यांचा विचार करण्यात घालवला होता आणि ती सवय काही सुटली नव्हती.

"ती सध्याही येत नाही," आतून ललिताबाई म्हणाल्या. "तेव्हा अडखळायचा प्रश्न नाही."

पहिल्या मजल्यावरच्या जाईबाई कठड्यावरून वाकून बघत होत्या. "मास्तरांनू, ह्यो उंबरठो काय कुंपण? तुमच्याकडे हळदीकुंकवाक येवचा म्हणजे कासोटो घालूक व्हयो!"

"सर, अजून एक थर मारू?" शिवा म्हणाला.

"मार!" मास्तर म्हणाले. त्यांच्या अंगात आता उत्साह संचारला होता. "सात पिढ्या टिकला पाहिजे."

उंबरठा गुडघ्यापर्यंत आला. दूधवाला त्यावर आपटला. रघुवीर रोज पेपर मागायला येत, ते दोनदा आपटले आणि तिसऱ्यांदा बाहेरूनच पेपर मागू लागले. पोरांना मात्र तो फार आवडला. एरवी शिकवणीला दांडी मारणारीसुद्धा केवळ उडी मारून आत यायला मिळतं म्हणून वेळेच्या आधी हजर होऊ लागली. ललिताबाई भाजीची पिशवी आधी आत ठेवत, मग साडी सावरून एकेक पाय उचलत आणि म्हणत, "घरात येतेय की गड चढतेय, काही कळत नाही."

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून धो धो पाऊस, दुपारी मोठी भरती. चाळीतले बाकीचे लोक सामान माळ्यावर चढवत होते. मास्तर मात्र उंबरठ्याच्या आत खुर्ची टाकून बसले, किल्लेदार बसावा तसे. पाणी पायरीवरून बोळात आलं. बोळातून दाराशी आलं. पहिली वीट बुडाली, दुसरी बुडाली. मास्तर टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी राहिले होते. तिसऱ्या विटेपाशी पाणी थबकलं. आत एक थेंब नाही!

मास्तरांनी ताबडतोब शंतनुला व्हिडिओ कॉल लावला. "हे बघ! पाणी बाहेर, आम्ही आत! फरशी बघ, कोरडी खडखडीत!"

शंतनुने डोळे बारीक करून बघितलं. "मानलं, बाबा. हरलो मी."

त्या क्षणी मास्तरांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते ललिताबाईंनी लग्नातही पाहिलं नव्हतं. पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मोरी बोलतेय."

मोरी खरंच बोलत होती. आधी गुडगुड, मग डबडब, मग एक मोठा ढेकर. "रेंज जातेय रे," असं म्हणून मास्तरांनी फोन कापला आणि मागे धावले. मोरीच्या भोकातून काळंभोर पाणी वर येत होतं. त्यावर साबणाचा फेस, आणि फेसावर दोन झुरळं होडीत बसल्यासारखी.

झालं होतं असं. दाराने येणारं पाणी अडवायची मास्तरांनी जय्यत तयारी केली होती. पण मोरीचा पाइप त्याच गटाराला जोडलेला, आणि मोरी उंबरठ्यापेक्षा कितीतरी खाली. पुढचं दार बंद मिळाल्यावर पाण्याने मागचं धरलं. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षं पोरांना काचेच्या जोडनळ्या दाखवून 'पाणी आपली पातळी शोधतं' हे घोटून घेतलं, त्याच्या घरात पाण्याने पातळी शोधली होती.

"बोळा कोंबा! बोळा!" रघुवीर उंबरठ्याबाहेर पोटरीभर पाण्यात उभे राहून ओरडले.

घाईच्या वेळी माणूस कुणाचंही ऐकतो. मास्तरांनी हाताला लागला तो जुना पंचा मोरीत कोंबला. तो बसेना, म्हणून पायाने दाबला. पंचा गपकन आत गेला, पाइपात कुठेतरी अडकला आणि तिथंच राहिला. पाणी मात्र तोवर घरभर पोटरीएवढं चढलं होतं.

तासाभराने ओहोटी लागली. चाळीतलं पाणी उतरू लागलं. बोळ मोकळा झाला. रघुवीरांच्या घरातलं पाणी जसं दाराने आलं होतं तसं दाराने निघून गेलं. फक्त एका घरातलं पाणी जागचं हललं नाही. मोरीत पंचा, दारात उंबरठा. मास्तरांचं घर म्हणजे भरलेली टाकी झाली होती आणि टाकीच्या मध्यभागी पलंगावर ललिताबाई मांडी घालून बसल्या होत्या.

चाळ उंबरठ्यावर ओणवून आत बघू लागली, विहिरीत बघावं तशी.

"काय ता मास्तरांनू!" जाईबाईंनी कपाळाला हात लावला. "पाणी येव नये म्हणान उंबरठो बांदलात, आता पाणी म्हणता, माका जावचा नाय!"

शिकवणीची पोरंही आली होती. त्यातली मनू ही मोठी चौकस मुलगी. "सर," ती म्हणाली, "बोळात पाणी नाही आणि घरात आहे. म्हणजे दोन्हीकडे पातळी सारखी नाही."

मास्तर पाण्यात उभे. पण सवय मोठी वाईट. "का बरं नाही?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कारण मधे तुमचा उंबरठा आहे, सर."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. बरोबर उत्तराला शाब्बास म्हणणं भाग होतं, मग ते स्वतःच्या घरात पोटरीभर घाणीत उभं राहून म्हणावं लागलं तरी.

शिवाला पुन्हा बोलावणं गेलं. त्याने उंबरठ्याकडे बापाच्या मायेने पाहिलं. "सर, तुम्हीच म्हणालात ना, सात पिढ्या टिकला पाहिजे. मी सिमेंट वाढवून टाकलंय." मग तो हातोडा घेऊन बसला. सात पिढ्यांचा उंबरठा मधोमध फोडायला चांगले दोन तास लागले. त्या खिंडारातली शेवटची वीट निघताच सगळं पाणी एकदम बोळात सुटलं आणि बघायला जमलेली चाळ किंचाळत जिना चढून गेली.

इथून पुढे मास्तरांनी सूत्रं हाती घेतली. कारण पावसाचं पाणी वेगळं आणि गटाराचं वेगळं. पावसाचं पाणी पुसलं की संपलं. गटाराचं पाणी जाताना आजार मागे ठेवून जातं, आणि गेल्या वर्षीचा ताप घरात कुणी विसरलं नव्हतं. "अनवाणी कुणी यायचं नाही," मास्तरांनी बजावलं. "गमबूट, रबरी हातमोजे. पायाला जखम असेल त्याने लांबच राहायचं. आधी गाळ काढायचा, मग साबणाने घासायचं, आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचं पाणी. आधी नाही, शेवटी! चिखलावर औषध टाकलं तर औषध चिखलातच मरतं." खालच्या फळीवरचं पीठ, पोहे, बटाटे सगळं गेलं. ललिताबाईंनी लोणच्याची बरणी पोटाशी धरली. झाकण घट्ट आहे, आत काही गेलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मास्तरांनी झाकणाच्या खाचेतला काळा गाळ दाखवला. ललिताबाईंनी बरणी स्वतःच नेऊन कचऱ्यात ठेवली, मास्तरांच्या हातात काही दिली नाही.

पलंगाखाली गुंडाळून ठेवलेल्या कापसाच्या गादीवरून चाळीत दोन तट पडले. जाईबाईंचं म्हणणं, उन्हात टाकली की गादी नव्यासारखी. मास्तर म्हणाले, ऊन दाखवा. चाळीतून कुणालाच ऊन दाखवता आलं नाही, तेव्हा गादी गेली. भिजलेली गादी उचलायला सहा माणसं लागली आणि प्रत्येक माणूस वेगळ्या दिशेला ओढत होता.

एवढ्यात रघुवीर एका हातात ॲसिडची बाटली घेऊन आले. "मास्तर, हे त्या ब्लीचिंगच्या बादलीत ओता. दुप्पट जोर!"

"ठेवा! खाली ठेवा ती!" मास्तर असे गरजले की बाहेरचे टॅक्सीवाले थांबले. "दोन्ही एकत्र केलंत तर विषारी वायू होईल! तुम्ही, मी आणि वरच्या जाईबाई, सगळे एकदम जाऊ!" रघुवीर बाटली घेऊन पळाले आणि मास्तर झाडू घेऊन बोळाच्या टोकापर्यंत त्यांच्या मागे. दिवसभरात मास्तरांचं एवढंच एक शास्त्र बरोबर ठरलं होतं आणि त्यांनी ते पुरेपूर उपभोगलं.

दुसऱ्या दिवशी ते सरकारी तक्रार खिडकीवर गेले. मोरीत अडकलेला पंचा काढून पाइप साफ करून हवा होता.

"पाणी आलं कुठून?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"मोरीतून."

"म्हणजे सांडपाणी. ते पलीकडच्या खिडकीवर."

पलीकडच्या खिडकीवरचे गृहस्थ डबा खात होते. "पाऊस होता ना त्या वेळी? मग ते पावसाचं पाणी. ते अलीकडच्या खिडकीवर."

"अहो, गटारात पावसाचं पाणी शिरलं, ते मोरीतून वर आलं, आणि खाली जाताना पंच्याने अडलं."

"पंचा तुमचा का?"

"माझा."

"मग तो खासगी अडथळा झाला," गृहस्थांनी समाधानाने डबा बंद केला. "त्याला खिडकी नाही."

शेवटी शिवानेच लांब तार घालून पंचा ओढून काढला. तो बघायलाही माणसं जमली होती.

रविवारी शंतनु येणार होता. मास्तरांचा चेहरा उतरलेला बघून चाळीने परस्पर ठरवून टाकलं की मास्तरांना जाऊ द्यायचं नाही आणि शंतनुला काही कळू द्यायचं नाही. फक्त काय सांगायचं, ते ठरवायचं राहून गेलं.

शंतनु बोळात शिरला आणि त्याने नाक वर केलं. "ब्लीचिंगचा वास कसला येतोय?"

"झुरळांचं औषध मारलं," रघुवीर म्हणाले.

"सत्यनारायण होतो मास्तरांकडे," त्याच क्षणी वरून जाईबाई म्हणाल्या. "सगळा धुवून घेतला."

"रंगकाम," शिवा म्हणाला.

शंतनुने फुटलेल्या उंबरठ्याकडे पाहिलं. "आणि हा?"

"मीच आपटलो," रघुवीर छाती पुढे काढून म्हणाले.

त्या गुडघाभर विटांच्या बांधकामाकडे आणि रघुवीरांच्या अंगकाठीकडे शंतनु आळीपाळीने बघत राहिला. मास्तरांना हे सहन होईना. "पुरे," ते म्हणाले. "शंतनु, पाणी आलं होतं. मोरीतून आलं. तुझा फोन मी मुद्दाम कापला."

"मोरीतून आलं म्हणजे आलं असं नाही म्हणता येणार," रघुवीर मधे पडले. "विम्याच्या भाषेत शिरणं वेगळं आणि उगवणं वेगळं—"

"रघुवीर, घरी जा. ललिता, बॅगा काढ. मी शब्द दिला होता."

शंतनु मागे गेला, मोरीपाशी उकिडवा बसला, पुढे येऊन फुटक्या उंबरठ्याची उंची हाताने मापली, पुन्हा मोरीपाशी गेला. परतला तेव्हा त्याच्या तोंडावर एक अनोळखी हसू फुटत होतं.

"बाबा, मोरी उंबरठ्याच्या खाली आहे."

"हो."

"आणि गटार एकच. म्हणजे ह्या सरळ सरळ जोडनळ्या. सातवीचा धडा."

"सहावीचा," मास्तर पुटपुटले.

"सहावीचा!" शंतनु मोठ्याने हसला आणि त्याने तिथल्या तिथे बायकोला फोन लावला. "प्राची, ऐक! बाबा सहावीच्या विज्ञानात नापास झालेत! हो गं, आमचे बाबा! माझा अर्धा मार्क कापायचे ते!" लहानपणापासून तो या दिवसाची वाट बघत होता आणि तो दिवस अशा घाण वासाच्या घरात उगवेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"तुमचं हसून झालं असेल तर," ललिताबाई म्हणाल्या, "मला कुणी विचारलंय का? एक म्हणतो वडाळा, एक म्हणतो परळ. मला कोरडी मोरी हवीय. ती जिथं असेल तिथं मी राहीन."

मग ठरलं. एकच संधी. पाइपाला एक झडप बसवायची. पाणी बाहेर जाताना ती उघडेल, उलट यायला लागलं की आपोआप मिटेल. दाराला विटांऐवजी खाचेत सरकवायची फळी, हवी तेव्हा काढता येईल अशी. "आणि पुढच्या मोठ्या भरतीला मी स्वतः इथं बसणार," शंतनु म्हणाला. "एक थेंब आला तर त्याच गाडीने वडाळा. मी काही ऐकणार नाही."

झडप शंतनुने लोहार चाळीच्या बाजारात जाऊन आणली. ती बसवताना बापलेकांची तीनदा भांडणं झाली. दोनदा बाप चुकला होता, आणि ते मुलाने त्याला सविस्तर समजावून सांगितलं.

पुढची मोठी भरती पाऊस घेऊनच आली. शंतनुने गाडी पुलाजवळ उंचावर लावली आणि तो दुपारपासून मोरीसमोर पाट टाकून बसला. ललिताबाईंची बॅग खरोखरच भरून दाराशी ठेवली होती. चाळ तर सगळी आत लोटली. जाईबाईंना खुर्ची दिली, पोरं खिडकीत चढली, रघुवीर आणि त्यांच्या पत्नी कमलताई आपल्या दारालाही तशीच फळी लावून पुढच्या रांगेत. बाहेर बोळात पाणी आलं. फळीला लागलं. फळी हलली नाही. पण तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं; सगळ्यांचे डोळे त्या एवढ्याशा भोकावर.

गुडगुड.

"आलं!" रघुवीर म्हणाले.

"गप् ऱ्हवा!" जाईबाईंनी त्यांना दटावलं.

डबडब झालं. एक बुडबुडा वर आला. शंतनुने वडिलांचा हात पकडला. बुडबुडा फुटला, आणि मग आतून आवाज आला, टक्. झडप मिटली होती. सगळे श्वास रोखून बसले. पाइप आतल्या आत धुसफुसला, दोन-चार धक्के दिले, आणि गप्प झाला. मोरी कोरडी! जाळीवर चिकटलेला साबणाचा तुकडासुद्धा जागचा हलला नव्हता.

असा जल्लोष चाळीने गोविंदालाही केला नव्हता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर आणि शंतनु दोघंही एकदम बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. जाईबाईंनी ललिताबाईंची बॅग स्वतःच्या हाताने उचलून माळ्यावर फेकली. "आता ही दिवाळेक काढा, साफसफाईक!"

या गोंधळात कमलताई चहा करायला म्हणून फळी ओलांडून शेजारी आपल्या घरी गेल्या. आणि त्यांची किंकाळी आली.

रघुवीरांची मोरी. दोन तास सगळी चाळ मास्तरांच्या मोरीसमोर बसली होती आणि भिंतीपलीकडे रघुवीरांची मोरी एकटीच, कुणाचं कौतुक नसताना, निवांत भरून वाहत होती. रघुवीर जागच्या जागी उभे राहून म्हणत होते, "माझी? माझी मोरी?" धोक्यांची सूचना आजवर ते इतरांना देत आले होते.

मास्तर गमबूट शोधू लागले, तर ते शंतनुच्या पायात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात बादली घेऊन तो फळीवर एक पाय टाकून उभा होता, आणि दुसऱ्या हातातला फोन वाजत होता. पलीकडून प्राचीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "निघालास का आईबाबांना घेऊन?"

"नाही गं," शंतनु म्हणाला. "ते नाही येत." मग त्याने बोळातल्या पाण्याकडे, रघुवीरांच्या दाराकडे बघितलं. "आणि हे बघ, आज मीही नाही येत. झडप आणखी एक लागणार आहे."